फलकव्यवसायाचे बोधचिन्ह

पाट्या, फ्लेक्स, व्हिनाइल व ॲक्रिलिकची अक्षरे करून देणाऱ्या छोट्या व्यवसायाची ओळखखूण. किराणा दुकानाचे बोधचिन्ह मालाची ओळख देते. इथे ते स्वतःच मालाचा नमुना असते. पेंटरचीच पाटी वाकडी असेल तर गिऱ्हाईक पायरी चढत नाही.

उदाहरण म्हणून उमरठ (ता. पोलादपूर, जि. रायगड) घ्या. हे तानाजी मालुसऱ्यांचे गाव; त्यांची आणि शेलारमामांची समाधी इथे आहे. इथल्या कारागिराला साहजिकच आधी ढाल-तलवार, गड किंवा दंतकथेतली घोरपड सुचते. पण रायगडच्या परिसरात जे चिन्ह कोणालाही सुचेल, त्याने वेगळेपण कसे येणार? शिवाय छत्रपती शिवाजी महाराजांचे नाव वा चित्र केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय व्यापारासाठी वापरण्यास १९५० च्या कायद्याने मनाई आहे. बाजारातून फेरफटका मारताना हे जाणवत नाही, ही गोष्ट वेगळी.

त्यापेक्षा अक्षरांवर भर द्यावा. मराठी नाटकांची शीर्षके रेखाटणारे कमल शेडगे (१९३५–२०२०) यांनी नुसत्या अक्षरवळणातून आशय उभा करता येतो हे दाखवून दिले. ‘उमरठ’ या शब्दाला काना नाही, मात्रा नाही, वेलांटी नाही. चारही अक्षरे एका शिरोरेषेखाली पट्टीची पूर्ण उंची घेतात, आणि ‘ठ’चे गोल पोट आयतीच खूण पुरवते. ‘पोलादपूर’चे तसे नाही. वरची मात्रा आणि खालचा ऊकार जागा खातात, त्यामुळे तेवढ्याच पट्टीत मूळ अक्षरे बारीक होतात. मुंबई–गोवा महामार्गावर हा फरक महागात पडतो. ताशी ६० कि.मी. वेगाची गाडी सेकंदाला सुमारे १७ मीटर जाते. दहा फुटांमागे एक इंच उंची या ढोबळ हिशेबाने १५० फुटांवरून ठसठशीत दिसायला अक्षर १५ इंची हवे, आणि वाचायला मिळतात जेमतेम तीन सेकंद.

जाड, अखंड शिरोरेषेचा आणखी एक फायदा असा, की प्लॉटरवर कापलेला शब्द एकसंध निघतो आणि चिकटवताना अक्षरे हलत नाहीत. सुटे टिंब मात्र आधी गळते. फ्लेक्सवरचा लाल-पिवळा रंग उन्हाने लवकर उडतो, म्हणून चिन्ह एकाच रंगात, बिलबुकावरच्या रबरी शिक्क्यातही ओळखू आले पाहिजे. मूळ रेखाटन व्हेक्टर फाइलमध्ये ठेवावे. मोबाइलवरचा फोटो मोठा केला की कडा फाटतात. व्यापारचिन्ह म्हणून नोंदणी केल्यास ती १० वर्षे टिकते आणि पुढे नूतनीकरण करता येते.

गिऱ्हाइकाला नियम सांगणे हेही याच धंद्याचे काम. दुकानांविषयीच्या कायद्यातील २०२२ च्या दुरुस्तीनंतर राज्यातील सर्व दुकानांच्या पाट्यांवर मराठी नाव देवनागरीत आणि आधी हवे. इतर लिपीपेक्षा त्याची अक्षरे लहान चालत नाहीत. मद्यविक्रीच्या जागेला थोर व्यक्तीचे किंवा गडकिल्ल्याचे नाव लावता येत नाही. ‘सिंहगड’ नावाच्या बारची ऑर्डर आली, तर उमरठच्या पेंटरने ॲडव्हान्स घेण्याआधीच हे सांगावे.