भाडेकरार : सहीआधी समजून घ्यायचा खर्च (महाराष्ट्र)

राहते घर भाड्याने घेताना मासिक भाड्याखेरीज पडणाऱ्या रकमांचा हिशेब : अनामत (डिपॉझिट), दलाली, मुद्रांक शुल्क, नोंदणी फी, सोसायटीची आकारणी आणि करारातल्या कलमांमुळे पुढे अंगावर येणारे खर्च. महाराष्ट्रातल्या शहरांत घरे आता बहुतेक ‘लिव्ह अँड लायसन्स’ करारावर दिली जातात. या करारात राहण्याची परवानगी मिळते, जागेत हक्क निर्माण होत नाही. परवान्याची ही संकल्पना १८८२ च्या भारतीय सुविधाधिकार कायद्यातली. व्यवहाराला लागू होणारा मुख्य कायदा मात्र महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९. तो ३१ मार्च २००० पासून अंमलात आहे. कागदोपत्री ‘लायसन्सर’ आणि ‘लायसन्सी’ असले, तरी बोलण्यात सगळे मालक आणि भाडेकरूच म्हणतात. इथेही तेच शब्द वापरले आहेत.

जाहिरातीत छापलेला आकडा हा या हिशेबातला फक्त एक भाग असतो. पुण्यातल्या एखाद्या फ्लॅटचे भाडे २५,००० रुपये, डिपॉझिट १ लाख आणि मुदत ११ महिने धरू. किल्ली हातात पडण्याआधी पहिल्या महिन्याचे भाडे २५,०००, डिपॉझिट १,००,००० आणि प्रथेप्रमाणे एका महिन्याच्या भाड्याएवढी दलाली २५,००० असे दीड लाख रुपये तयार ठेवावे लागतात. यातले परत मिळण्याजोगे फक्त डिपॉझिट. दलाली ११ महिन्यांवर पसरली की भाडे खरे तर महिन्याला २७,२०० च्या पुढे जाते. दोन घरांची तुलना करायची ती या आकड्यावर. दलाली न लागणारे २६,५०० चे घर इथे स्वस्त ठरते.

सरकारी खर्च त्यामानाने किरकोळ असतो. मुदतीतले एकूण भाडे, परत न मिळणारी रक्कम असल्यास ती आणि परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वार्षिक १० टक्के दराने धरलेले व्याज यांच्या बेरजेवर ०.२५ टक्के मुद्रांक शुल्क बसते. वरच्या उदाहरणात भाड्याचे २,७५,००० आणि व्याजाचे सुमारे ९,१६७ मिळून २,८४,१६७ होतात. त्यावर शुल्क साधारण ७१० रुपये. नोंदणी फी महापालिका क्षेत्रात १,००० रुपये, ग्रामीण भागात ५००. शिवाय दस्त हाताळणीचे थोडे पैसे. नोंदणी ऑनलाइन होते आणि एजंट अंगठ्याचे मशीन घेऊन घरीही येतो, म्हणून ‘अ‍ॅग्रीमेंटचे इतके’ असा एकच गोळाबेरीज आकडा सांगितला जातो. त्यात सरकारी भरणा किती आणि त्याची मजुरी किती, हे वेगळे करून मागावे. हा खर्च कोणी करायचा याची ठरलेली प्रथा नाही. पुष्कळदा निम्मा-निम्मा वाटून घेतात.

‘अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही’ हा समज चिवट आहे. १९०८ च्या नोंदणी कायद्यात वर्षापेक्षा जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्यांना नोंदणी सक्तीची आहे; अकरा महिन्यांची चाल तिथूनच पडली. महाराष्ट्रात १९९९ च्या कायद्याच्या कलम ५५ ने ती पळवाट बुजवली. करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, मुदत कितीही असो. ती जबाबदारी मालकाची; चुकवल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही. नोंदणी नसेल तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. नोटरीच्या शिक्क्यावर भागवू पाहणाऱ्या मालकांना हे बहुधा कोणी सांगितलेले नसते.

डिपॉझिटची रक्कम बाजारात ठरते. केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरू कायद्यात राहत्या घरासाठी दोन महिन्यांच्या भाड्याची मर्यादा सुचवली आहे, पण तो नमुना आहे. राज्याने स्वीकारल्याशिवाय लागू होत नाही. मुंबईतला ‘हेवी डिपॉझिट’ हा वेगळाच प्रकार. काही लाख एकरकमी द्यायचे आणि भाडे नाममात्र किंवा शून्य. भाडे वाचते, पण ती रक्कम म्हणजे मालकाला दिलेले बिनतारण कर्जच होय. फ्लॅटवर बँकेचे कर्ज असेल आणि हप्ते थकले, तर वसुलीला बँक पुढे असते. म्हणून डिपॉझिट चेकने किंवा बँकेतूनच द्यावे, तो व्यवहार करारात लिहावा आणि परतीचा दिवस ‘किल्ली देताना’ असा नेमका घालावा. ‘यथावकाश’ हा शब्द दिसला तर खोडून घ्यावा. रंगकामाचे कलमही इथेच वाचावे : सरसकट महिन्याचे भाडे कापणार, की झालेल्या नुकसानीपुरते?

सोसायटी मेंटेनन्स कोण भरणार, हे भाडे ठरवतानाच बोलावे. सभासद स्वतः राहत नसेल तर सोसायटी बिनभोगवटा शुल्क लावते. १ ऑगस्ट २००१ च्या शासन आदेशाने ते सेवाशुल्काच्या (पालिकेचे कर वगळून) १० टक्क्यांवर नेता येत नाही. हे देणे मुळात सभासदाचे. ते भाडेकरूकडे सरकवले जात असेल तर तसे करारात असायला हवे. सामान चढवण्या-उतरवण्याचे, लिफ्टचे म्हणून पैसे मागितले तर उपविधीचा आधार आणि पावती मागावी. ‘बॅचलर’ मुलांकडून हे जास्त उकळले जाते, ही जुनी तक्रार आहे.

भाडे महिन्याला ५०,००० च्या वर असेल, तर पगारदार भाडेकरूलाही टीडीएस कापून भरावा लागतो. १ ऑक्टोबर २०२४ पासून दर २ टक्के, त्याआधी ५. मालक अनिवासी असेल तर नियम आणि दर वेगळे, आणि ५०,००० ची सवलतही नाही. तिथे सीएला विचारूनच सही करावी.

राहिले मुदतीचे कलम. लॉक-इन सहा महिन्यांचा असताना चौथ्या महिन्यात बदली झाली, तर उरलेले भाडे मागण्याची तरतूद अनेक छापील मसुद्यांत असते. ‘नोकरीतील बदली वगळून’ एवढे शब्द घालायला सहसा मालक तयार होतो. अकरा महिन्यांनी नूतनीकरण झाले तर भाडेवाढ किती आणि एजंट पुन्हा दलाली मागणार का, हेही आधीच ठरवावे. मुदत संपूनही घर सोडले नाही, तर १९९९ च्या कायद्याच्या कलम २४ प्रमाणे ठरलेल्या भाड्याच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई द्यावी लागते आणि ताब्याचा अर्ज दिवाणी न्यायालयाऐवजी सक्षम प्राधिकाऱ्यापुढे चालतो.