घर, गिरणी आणि मधला रस्ता



शहराचा इतिहास सांगावयाचा म्हटले की वक्ता किल्ल्यापासून आरंभ करतो, तो कोणी बांधला व कोणी जिंकला हे सांगतो आणि शेवटी एखाद्या नगरभवनाशी येऊन थांबतो. या इतिहासाला माझा विरोध नाही. परंतु माझे आयुष्य कामगार संघटनेत गेले. इतिहासाचे जे काही वाचन केले ते शाळेत नव्हे, तर सभेनंतरच्या रात्री आणि गाडीच्या डब्यात केले. त्यामुळे शहर म्हटले की मला प्रथम वेगळाच प्रश्न सुचतो. या गावातला माणूस घरून कामावर कसा जातो, त्याला किती वेळ लागतो, आणि त्या वेळेचे मोल कोण देतो? आज सोलापूरचा इतिहास मी या एका प्रश्नाच्या अंगाने मांडणार आहे.

सोलापूरच का? मुंबईत अंतर मोठे आहे हे सर्वांना मान्य आहे, म्हणून तेथे आगगाड्या आल्या, ट्रामगाड्या आल्या, बसगाड्या आल्या. खेड्यात शेत घरापासून लांब असले तरी तेथे घड्याळाचा पहारा नसतो. मधल्या आकाराच्या शहराची गत निराळी. येथे सर्वांच्या मनात एक समजूत घट्ट बसलेली असते, ती म्हणजे "आपल्या गावात काय, सारे जवळच आहे." ही समजूत कोणे एके काळी खरी होती. ती खोटी कधी झाली आणि खोटी होऊनही का टिकली, हेच आज पाहावयाचे आहे.

मूळचे सोलापूर पायी चालणाऱ्याचे गाव होते. बाराव्या शतकात शिवयोगी सिद्धरामेश्वरांनी या परिसरात अडुसष्ट लिंगांची स्थापना केली अशी परंपरा आहे. संक्रांतीच्या गड्ड्याच्या यात्रेत पांढऱ्या बाराबंदीतले लोक सात नंदीध्वज खांद्यावर घेऊन निघतात आणि त्या लिंगांना तैलाभिषेक होतो. निरनिराळ्या समाजांकडे या ध्वजांचे मान आहेत. भक्त या प्रदक्षिणेकडे भक्तीने पाहतो. मला तीत आणखी एक गोष्ट दिसते. गावाची शीव किती असावी, याचे ते जुने माप आहे. माणसाला एका दिवसात पायी फिरता येईल एवढे गाव, आणि त्यात तळे, देऊळ, किल्ला, बाजार. मराठी, कन्नड, तेलुगू आणि दख्खनी या चारही भाषा एका हाकेच्या टप्प्यात. विणकराचा माग त्याच्या घरातच होता. काम आणि घर यांच्यामध्ये रस्ता असा नव्हताच. फार तर एक उंबरठा होता.

तो उंबरठा आगगाडीने मोडला. १८६० साली पुण्याकडून येणारा लोहमार्ग सोलापुरास पोहोचला. पुढे १८७१ पर्यंत तो रायचूरला जाऊन मद्रासच्या मार्गाला मिळाला. कापसाच्या मुलखाच्या तोंडाशी असलेले हे गाव एकदम व्यापाराचे नाके बनले. १८७७ साली मुरारजी गोकुळदास यांच्या पुढाकाराने सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी निघाली. गावाने तिला पुढे 'जुनी गिरणी' म्हटले, कारण तिच्यामागून नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू, जाम अशा नव्या गिरण्या उभ्या राहिल्या. तेलंगणातून पद्मशाली विणकर आले, कर्नाटकातून व दुष्काळी तालुक्यांतून शेतकरी आले. कोणी गिरणीच्या चाळीत राहिला, कोणी आपल्या जातभाईंच्या पेठेत. पूर्व भागातील पेठांतून जुन्या गिरणीकडे जावयाचे तर सारे गाव ओलांडावे लागे.

आणि आता घड्याळ आले. म्हणजे खरे तर भोंगा आला. कामगाराच्या घरी घड्याळ नव्हते. भोंगा वाजला की चुलीवरची भाकरी तव्यावरून थेट फडक्यात जाई. दुसऱ्या भोंग्याला दाराच्या आत असावयास हवे. नाही तर खाडा. या भोंग्याच्या आतल्या वेळेवर कायदे झाले आणि ते झगडून मिळवावे लागले. १९११ च्या कायद्याने कापड गिरण्यांतील प्रौढ पुरुषाचा दिवस बारा तासांवर आणला, १९२२ च्या कायद्याने अकरा तासांवर आणि १९३४ च्या कायद्याने दहा तासांवर. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर आठवड्याचे अठ्ठेचाळीस तास ठरले आणि १९४८ च्या कारखाना कायद्याने ते कायम केले. कामगार चळवळीच्या इतिहासातील ही सोन्याची पाने आहेत. पण नीट पाहा: या प्रत्येक कायद्यातला तास गिरणीच्या दारापासून मोजला आहे. घराच्या दारापासून गिरणीच्या दारापर्यंतचा वेळ कोणाच्याच वहीत नाही.

हिशेब अगदी साधा आहे. जाताना अर्धा तास आणि येताना अर्धा तास धरा. वर्षाचे तीनशे दिवस कामाचे धरा. तीनशे तास झाले. आठ तासांचा दिवस धरला तर हे साडेसदतीस दिवस होतात. म्हणजे कामगार वर्षाकाठी महिन्याहून अधिक काळ मालकासाठी रस्त्यावर असतो आणि त्या काळाची मजुरी शून्य असते. मालक म्हणेल, तू लांब राहतोस हा माझा दोष काय? पण जवळची जागा कोणाच्या ताब्यात असते आणि तिचे भाडे कोणाला परवडते, हे विचारल्याशिवाय त्या प्रश्नाचे उत्तर पुरे होत नाही.

रस्त्याचा इतिहास केवळ अंतराचा नसतो. रस्त्यावर चालण्याच्या अधिकाराचाही असतो. इंग्रज सरकारने ज्या जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरविले, त्यांना सोलापुरात तारेच्या कुंपणाआड वसविले. त्या वस्तीचे 'सेटलमेंट' हे नाव गावाच्या तोंडी अजून आहे. तेथील माणसे गिरण्यांत राबत. दिवसभर सूत काढणाऱ्या माणसाला संध्याकाळी हजेरी द्यावी लागे आणि बाहेर जाण्यास परवाना लागे. म्हणजे घर ते गिरणी एवढाच रस्ता त्याच्यासाठी उघडा होता. बाजाराचा, नातेवाइकांचा, यात्रेचा रस्ता बंद. हा कायदा देशभर रद्द झाला तो १९५२ साली, स्वातंत्र्यानंतर पाच वर्षांनी.

तसेच १९३० चे. गांधीजींच्या अटकेनंतर मे महिन्यात येथे गोळीबार झाला आणि १२ मे रोजी लष्करी कायदा पुकारला गेला. तो उठेपर्यंत आपल्याच गावच्या रस्त्यावर पाऊल टाकताना माणसाला शिपायाकडे पाहावे लागत होते. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, जगन्नाथ शिंदे आणि अब्दुल रसूल कुर्बान हुसेन या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यास फाशी झाली. आज चार हुतात्म्यांचे पुतळे असलेला चौक गावातील एक गजबजलेला चौक आहे. तेथे रिक्षाची वाट पाहत उभ्या असणाऱ्या पोरांना हे कोणीतरी सांगावयास हवे की, या रस्त्यावर निर्धास्त उभे राहण्याचीही किंमत दिली गेली आहे.

स्वातंत्र्यानंतर गिरणीकामगाराच्या हाती सायकल आली. सायकलीने गावाचे माप बदलले. पायी चालणाऱ्याला जो तासाचा पल्ला होता, तो वीस मिनिटांचा झाला. सायकलीच्या दांडीवर मूल आणि मागे बायको बसवून सिनेमाला जाणारा कामगार हे त्या काळच्या समृद्धीचे चित्र होते. टांगा पाहुण्यासाठी आणि आजाऱ्यासाठी. शहराची बस शाळेला व स्टेशनला जाणाऱ्यांसाठी. हा मेळ काही काळ बरा बसला, कारण काम अजून गिरणीत होते आणि गिरणी होती तेथेच होती.

पुढे गिरण्या एकामागून एक अडचणीत आल्या आणि त्या मोठ्या भोंग्यांचा आवाज थांबला. काम यंत्रमागाच्या लहान लहान शेडमध्ये विखुरले. १९६४ साली नगरपालिकेची महानगरपालिका झाली होती. १९९२ च्या हद्दवाढीने शहराचे क्षेत्र कितीतरी पटींनी वाढून सुमारे १७८ चौरस किलोमीटर झाले. २०११ च्या शिरगणतीत लोकसंख्या साडेनऊ लाखांवर गेली. गाव वाढले, मात्र "सारे जवळच आहे" ही समजूत तेवढी तशीच राहिली. महापालिकेच्या बसगाड्या कमी होत गेल्या आणि त्यांची जागा माणशी भाडे घेणाऱ्या रिक्षाने घेतली. रिक्षावाल्याला मी दोष देत नाही, तोही कामगारच आहे. पण ज्याची मजुरी रोजची, त्याचे भाडेही रोजचे. ज्या दिवशी काम नाही त्या दिवशी काम शोधायला जाण्याचे भाडे मात्र द्यावेच लागते.

या सगळ्यात बिडी कामगार बाईची स्थिती अधिक ध्यानात घेण्यासारखी आहे. लोक म्हणतात, ती घरीच बसून बिड्या वळते, तिला कुठे जावे लागते? तिला रोज ब्रँचवर जावे लागते. पान आणि तंबाखू आणावयाची, वळलेल्या बिड्या द्यावयाच्या, मोजणीला रांगेत थांबावयाचे, छाट काढली तर मुकाट्याने पाहावयाचे. मजुरी हजार बिड्यांवर असते. त्या खेपेवर आणि रांगेवर नसते. १९६६ च्या बिडी कामगार कायद्याने घरी काम करणाऱ्या या बाईला कामगार म्हणून मान्यता दिली, ही मोठी गोष्ट झाली. पण तिची वाट अजून कायद्याच्या हिशेबात आली नाही.

त्यातच घराचा प्रश्न. या बायांनी सहकारी संस्था काढून, मोर्चे काढून स्वतःची घरे मिळविली. कुंभारी येथील गोदूताई परुळेकर वसाहतीतील दहा हजार घरे २००६ साली त्यांना मिळाली. रे नगरच्या तीस हजार घरांच्या योजनेतील पंधरा हजार घरे जानेवारी २०२४ मध्ये दिली गेली. एवढ्या मोठ्या प्रमाणावर असंघटित कामगारांनी पक्की घरे मिळवावीत, ही सोलापूरने देशाला दाखविलेली वाट आहे आणि तिचा मला अभिमान आहे. पण जमीन स्वस्त मिळते ती शहराबाहेर. झोपडी गावात होती तेव्हा इस्पितळ, बाजार आणि मुलांची शाळा पायांखाली होती. पक्के घर मिळाले आणि रस्ता लांबला. घर बांधणे हे अर्धे काम आहे. त्या घरापर्यंत वेळेवर येणारी बस हे उरलेले अर्धे.

कायदाही या रस्त्याकडे फार उशिरा वळला. १९५८ साली सर्वोच्च न्यायालयापुढे सौराष्ट्रातील मिठागराच्या कामगारांचा दावा होता. कामावरून परतताना खाडीत होडी उलटून माणसे बुडाली. ते कामावर नव्हते, असा निकाल झाला. १९६३ मध्ये मुंबईच्या एका बसचालकाच्या विधवेला न्याय मिळाला, तो कंपनीच्याच बसमधून घरी जात होता म्हणून. १९७१ साली केरळात एक कामगार सायकलवरून पाळीला निघाला, कारखाना किलोमीटरभर राहिला असता लॉरीने त्याला धडक दिली. १९९६ साली निकाल लागला, की ही इजा नोकरीतली नव्हे. अखेर २०१० मध्ये राज्य विमा कायद्यात कलम आले, की घर ते काम या वाटेवरील अपघात, कामाशी त्याचा संबंध असेल तर, कामावरचाच मानावा. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ही तरतूद आहे. आणि जुलै २०२५ मध्ये आपल्या शेजारच्याच धाराशिव जिल्ह्यातील प्रकरणात हेच तत्त्व कामगार भरपाईच्या कायद्यालाही लागू असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले. साखर कारखान्याचा तो रात्रपाळीचा पहारेकरी २००३ साली कामावर जाताना रस्त्यावर मेला होता. त्याच्या घरच्यांनी बावीस वर्षे वाट पाहिली.

याचा अर्थ एवढाच, की वाटेत मेला तर तो कामावर होता, हे आता मान्य झाले. मग वाटेत जिवंत असतो तेव्हा तो कोठे असतो? हा प्रश्न मी मालकांना विचारतो, महापालिकेला विचारतो आणि आपल्या संघटनांनाही विचारतो. आपण पगार मागितला, बोनस मागितला, घरे मागितली. आता बसच्या वेळापत्रकाची मागणी मागणीपत्रात पहिल्या पानावर यावी. पहाटेच्या पाळीला पहिली गाडी, रात्रपाळी सुटल्यावर शेवटची गाडी, वसाहतीपासून ब्रँचपर्यंत आणि इस्पितळापर्यंत थेट फेरी, आणि रोजगाराला परवडेल असा पास. या मागण्या लहान दिसतात. बारा तासांचा दिवस अकरा तासांवर आणावा, ही मागणीही एकेकाळी कोणाला तरी लहान वाटलीच असेल. ती ज्यांनी रेटली त्यांची नावे कोठे कोरलेली नाहीत, पण आपला आजचा दिवस त्यांच्या हिशेबाने चालतो आहे.