क्रूझ जहाजांवरील आंतरजाल सेवा

क्रूझ जहाजांवरील आंतरजाल सेवा म्हणजे समुद्रपर्यटन करणाऱ्या प्रवासी जहाजांवर प्रवासी आणि कर्मचारी यांना मुख्यतः कृत्रिम उपग्रहांच्या साहाय्याने पुरवली जाणारी इंटरनेट जोडणी होय. जमिनीवरील सेवेच्या तुलनेत ती दीर्घकाळ अतिशय महाग आणि संथ होती. २०२२ नंतर निम्न भूकक्षेतील उपग्रहांचा वापर सुरू झाल्यावर तिचा दर्जा झपाट्याने सुधारला. प्रवाशाला मोजावी लागणारी किंमत मात्र त्या प्रमाणात खाली आलेली नाही. जहाजावर सेवा देणारा एकच असतो आणि ग्राहकाला दुसरीकडे जाण्याची सोय नसते, ही गोष्ट या विषयाचा विचार करताना सतत ध्यानात ठेवावी लागते.

पार्श्वभूमी

समुद्रावरून निरोप पाठवणे कधीच स्वस्त नव्हते. १९१२ साली टायटॅनिक या जहाजावरून बिनतारी संदेश पाठवण्यासाठी पहिल्या दहा शब्दांना १२ शिलिंग ६ पेन्स आणि त्यापुढील प्रत्येक शब्दाला ९ पेन्स असा दर होता. संदेश पाठवणारे तंत्रज्ञ जहाजकंपनीचे नसून मार्कोनी कंपनीचे नोकर होते आणि प्रवाशांचे खाजगी संदेश हे त्या कंपनीच्या उत्पन्नाचे साधन होते. अपघाताच्या रात्री जवळच्या कॅलिफोर्नियन जहाजाने हिमखंडांविषयी इशारा दिला, तेव्हा टायटॅनिकवरील तंत्रज्ञ प्रवाशांचे साचलेले संदेश पाठवण्यात गुंतलेला होता आणि त्याने तो इशारा मध्येच तोडला. सशुल्क संदेश आणि सुरक्षिततेचे संदेश एकाच वाहिनीवरून जाऊ लागले की काय होते, याचे हे पहिले ठळक उदाहरण म्हणावे लागेल.

फेब्रुवारी १९७६ मध्ये मॅरिसॅट मालिकेतील पहिला उपग्रह सोडण्यात आला आणि नागरी जहाजांना उपग्रहामार्फत दूरध्वनी व टेलेक्स मिळू लागला. १९७९ साली स्थापन झालेल्या इन्मारसॅट या आंतरराष्ट्रीय संस्थेने १९८२ पासून सेवा सुरू केली. प्रवाशांसाठी आंतरजाल यायला शतकाची अखेर उजाडावी लागली. १९९९ साली सेवेत आलेल्या नॉर्वेजियन स्काय या जहाजावरील इंटरनेट कॅफे हा समुद्रावरील पहिला कॅफे मानला जातो. पुढे काही वर्षांतच अशा कॅफेंची जागा जहाजभर पसरलेल्या वाय-फायने घेतली.

अंतराचा प्रश्न

जहाजाला केबल जोडता येत नाही आणि किनाऱ्यावरील मोबाइल मनोऱ्याचा पल्ला मर्यादित असतो. जीएसएम या जुन्या पद्धतीत तर ३५ किलोमीटर ही रचनेतच घातलेली मर्यादा होती. प्रत्यक्षात संकेत त्याआधीच क्षीण होतो. त्यामुळे खोल समुद्रात उपग्रह हाच मार्ग उरतो.

सुरुवातीची सर्व सेवा भूस्थिर उपग्रहांवर अवलंबून होती. हे उपग्रह विषुववृत्तावर ३५,७८६ किलोमीटर उंचीवर असतात आणि पृथ्वीच्या परिवलनाच्याच वेगाने फिरत असल्यामुळे आकाशात एका जागी स्थिर दिसतात. मोजक्या उपग्रहांत जवळजवळ सगळे महासागर व्यापता येतात हा त्यांचा मोठा गुण. पण अंतर हाच त्यांचा दोष. जहाजावरून निघालेला संकेत उपग्रहापर्यंत जाऊन जमिनीवरील केंद्राकडे उतरेपर्यंत सुमारे ७१,५०० किलोमीटर प्रवास करतो. प्रकाशाच्या वेगानेही त्याला साधारण ०.२४ सेकंद लागतात आणि उत्तर परत येण्यास तेवढेच. म्हणजे यंत्रसामग्री कितीही उत्तम असली तरी अर्ध्या सेकंदाच्या आत उत्तर मिळणे जवळपास अशक्य. व्यवहारात हा विलंब ०.६ सेकंद किंवा त्याहून अधिक असतो. एखादे आधुनिक संकेतस्थळ उघडताना अशी विचारणा डझनावारी होते, म्हणून पान उघडायला मिनिट-मिनिट लागत असे. दृक्‌संभाषणात दोघे एकाच वेळी बोलू लागतात आणि मग दोघेही एकाच वेळी थांबतात, हा अनुभव त्यातलाच.

दुसरी अडचण अक्षांशाची. मुंबईच्या अक्षांशावर, त्याच रेखांशावरील भूस्थिर उपग्रह क्षितिजापासून सुमारे ६८ अंश उंच, म्हणजे जवळजवळ डोक्यावर असतो. नॉर्वेतील गाइरांगर फ्योर्ड सुमारे ६२ अंश उत्तरेला आहे. तेथे तोच कोन जेमतेम २० अंश भरतो आणि ७० अंश अक्षांशावर ११-१२ अंशांपर्यंत घसरतो. फ्योर्ड म्हणजे दोन्ही बाजूंनी उभे कडे असलेली समुद्राची चिंचोळी खाडी. कड्याआड उपग्रह गेला की जोडणी तुटते. नॉर्वे आणि अलास्का ही समुद्रपर्यटनाची अत्यंत लोकप्रिय क्षेत्रे असल्यामुळे, जेथे छायाचित्र घरी पाठवण्याची सर्वाधिक हौस तेथेच सेवा बंद, अशी स्थिती अनेक वर्षे राहिली.

जहाजाच्या माथ्यावर दिसणाऱ्या पांढऱ्या घुमटांत अँटेनाच्या थाळ्या असतात. जहाज डोलते, वळते, तरी थाळीचे तोंड उपग्रहाकडेच राहावे यासाठी तिला संवेदक आणि मोटारी जोडलेल्या असतात. एका थाळीच्या आड धुराडे किंवा डोलकाठी आली तर दुसरी थाळी काम उचलते. मुसळधार पावसात उच्च वारंवारतेच्या लहरी क्षीण होतात, हा उष्णकटिबंधातील नेहमीचा उपद्रव.

यानंतर येतो वाटणीचा हिशेब. जानेवारी २०२४ मध्ये पहिल्या सफरीवर निघालेल्या आयकॉन ऑफ द सीज या जहाजाची कमाल क्षमता ७,६०० प्रवासी आणि सुमारे २,३५० कर्मचारी इतकी आहे. समजा, एखाद्या जहाजाला प्रतिसेकंद एक गिगाबिट जोडणी मिळाली आणि एका वेळी ५,००० उपकरणे चालू असली, तर प्रत्येकाच्या वाट्याला २०० किलोबिट येतात. म्हणजे चलच्चित्र सोडाच, साधे पानही अडखळेल. सगळे एकाच क्षणी वापर करत नाहीत म्हणून प्रत्यक्ष अनुभव याहून बरा असतो. बंदरभेटीच्या दिवशी दुपारी वेग चांगला आणि रात्रीच्या जेवणानंतर मंद, याचे कारणही हेच.

दर आकारण्याच्या पद्धती

प्रारंभी आकारणी मिनिटांवर होती. अमेरिकी कंपन्यांच्या जहाजांवर मिनिटाला सुमारे ७५ सेंट हा दर दीर्घकाळ रूढ होता. मिनिटांचा संच घेतल्यास तो काहीसा उतरे. संथ जोडणी आणि मिनिटांवर आकारणी हा संयोग ग्राहकाच्या दृष्टीने अन्यायकारकच होता, कारण पान उघडण्यास जितका उशीर तितके बिल अधिक. सेवा जितकी वाईट तितकी महाग, असा हा उलटा व्यवहार. वापर संपल्यावर खात्यातून बाहेर पडायचे राहिले तर मिनिटे सरतच राहत.

२०१० नंतरच्या दशकात आकारणी दिवसावर आली आणि सेवेच्या श्रेणी पडल्या. केवळ समाजमाध्यमे आणि संदेश, त्यावर सर्वसाधारण वापर, त्याहीवर चलच्चित्रे व दृक्‌संभाषण, अशी उतरंड बहुतेक कंपन्यांत आढळते. २०२० च्या दशकाच्या मध्यास मोठ्या अमेरिकी कंपन्यांच्या जहाजांवर एका उपकरणामागे दिवसाला साधारण १५ ते ३५ डॉलर पडतात आणि सबंध सफरीची योजना आगाऊ घेतल्यास काही सवलत मिळते. चौघांच्या कुटुंबाने प्रत्येकाच्या फोनासाठी सात दिवसांची योजना दिवसाला २० डॉलर दराने घेतली, तर बिल ५६० डॉलर होते. अनेक उपकरणांच्या एकत्रित योजना यापेक्षा स्वस्त असतात. तसेच एका योजनेत आळीपाळीने उपकरणे बदलून वापरण्याची मुभा बहुधा असते.

व्हायकिंग, रीजंट, सिल्व्हरसी यांसारख्या काही कंपन्या वाय-फायचे मूल्य तिकिटातच धरतात. ते 'मोफत' म्हटले जाते. तिकिटाची रक्कम पाहता हा शब्द जपून वापरलेला बरा.

दर ठरवताना प्रत्यक्ष खर्च हा एकच घटक नसतो. उपग्रहाची क्षमता महिनोन्‌महिने भाड्याने घ्यावी लागते, जहाज रिकामे असले तरी ते भाडे टळत नाही. मात्र मद्य, सहली, छायाचित्रे यांच्याप्रमाणे आंतरजाल हेही तिकिटाबाहेरील उत्पन्नाचे साधन असल्यामुळे, मागणी मर्यादित ठेवण्यासाठीही चढा दर कामी येतो. दुसरीकडे, ही सेवा पुरवणाऱ्या कंपन्यांचा धंदाही निर्धोक नव्हता. २०२० साली महासाथीमुळे जहाजे नांगरून पडली, तेव्हा स्पीडकास्ट आणि ग्लोबल ईगल या दोन मोठ्या पुरवठादारांना अमेरिकेत दिवाळखोरीच्या कायद्याचा आश्रय घ्यावा लागला.

कक्षा खाली आणण्याचे प्रयत्न

भूस्थिर कक्षेपेक्षा खालून सेवा देण्याचा पहिला यशस्वी प्रयोग ओथ्रीबी या कंपनीचा. जगातील 'उरलेल्या तीन अब्ज' लोकांना आंतरजाल मिळावे हा हेतू तिच्या नावातच होता. तिचे पहिले चार उपग्रह जून २०१३ मध्ये सुमारे ८,००० किलोमीटर उंचीवर सोडण्यात आले. विलंब दीडशे मिलिसेकंदांच्या आसपास आला. ही सेवा प्रथम मोठ्या प्रमाणावर घेणाऱ्यांत रॉयल कॅरिबियन कंपनीची ओॲसिस ऑफ द सीज आणि अल्युअर ऑफ द सीज ही जहाजे होती. गरीब देशांसाठी आखलेल्या उपग्रहांचे ठळक ग्राहक आलिशान जहाजे ठरावीत, हा योगायोग नोंदवण्याजोगा आहे. ओथ्रीबी २०१६ साली एसईएस या लक्झेंबर्गमधील कंपनीच्या पूर्ण मालकीची झाली.

खरा पालट स्पेसएक्स कंपनीच्या स्टारलिंकमुळे झाला. तिचे उपग्रह सुमारे ५५० किलोमीटर उंचीवर, हजारोंच्या संख्येने फिरतात. जून २०२२ मध्ये अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने जहाजे, विमाने व वाहनांवर या सेवेस परवानगी दिली. जुलैमध्ये सागरी योजना जाहीर झाली, तेव्हा तिचे मूल्य महिन्याला ५,००० डॉलर आणि दोन अँटेनांसाठी १०,००० डॉलर असे होते. ऑगस्ट २०२२ मध्ये रॉयल कॅरिबियन समूहाने, फ्रीडम ऑफ द सीज जहाजावरील चाचणीनंतर, सर्व जहाजांवर ही यंत्रणा बसवण्याचे घोषित केले. कार्निव्हल समूहाने हे काम मे २०२४ पर्यंत पूर्ण केले. विलंब जमिनीवरील सेवेच्या जवळ आला आणि समुद्रातून दृक्‌संभाषण ही नित्याची बाब झाली. उपग्रह आकाशभर विखुरलेले असल्याने फ्योर्डमधील खंडही बराच कमी झाला.

तरीही हे सर्वत्र लागू नाही. किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंत प्रादेशिक समुद्र असतो आणि तेथे त्या देशाचा कायदा चालतो. परवानगी नसलेल्या देशाच्या पाण्यात जहाजाला ही यंत्रणा बंद करावी लागते. शिवाय लहान आकाराच्या खाजगी उपग्रह थाळ्या बाजारात येताच, त्या आणि वैयक्तिक राउटर जहाजावर आणण्यास काही कंपन्यांनी मनाई केली.

मोबाइल रोमिंगचा धोका

वाय-फायखेरीज अनेक जहाजांवर उपग्रहाला जोडलेला छोटा मोबाइल मनोराही असतो. किनारा मागे पडला की फोन आपोआप त्याला जोडला जातो. जमिनीवरील देशांसाठी घेतलेली रोमिंग योजना या जाळ्याला बहुधा लागू नसते आणि आकारणी एका मेगाबाइटला काही डॉलर इतकी असू शकते. छायाचित्रांची आपोआप होणारी साठवण एका रात्रीत मोठे बिल करू शकते. जहाज सुटताच फोन विमान स्थितीत ठेवून केवळ वाय-फाय चालू करावे, हा सल्ला म्हणूनच दिला जातो.

कर्मचाऱ्यांचा प्रश्न

प्रवाशाला आंतरजाल आठवडाभर मिळाले नाही तर गैरसोय होते. जहाजावरील कर्मचारी सहा ते नऊ महिने घरापासून दूर असतो. त्याच्यासाठी तीच जोडणी म्हणजे घर होय. गोवा, मुंबई आणि कोकणपट्टीतील असंख्य कुटुंबांचा या प्रश्नाशी थेट संबंध आहे. गोव्यात अशा दर्यावर्दींना 'तारवटी' म्हणतात. जहाजावर महागडी कार्डे विकत घेऊन मोजकी मिनिटे बोलायचे आणि बंदर आले की जवळचा फुकट वाय-फाय गाठायचा, हा त्यांचा वर्षानुवर्षांचा क्रम होता. पूर्वी गावी पत्राची वाट पाहिली जाई, पुढे वाट पाहिली जाऊ लागली ती जहाज बंदराला लागण्याची.

फेब्रुवारी २०२० मध्ये जपानमधील योकोहामा येथे डायमंड प्रिन्सेस हे ३,७११ जणांचे जहाज करोना विषाणूमुळे विलगीकरणात ठेवले गेले. त्यावर शंभराहून अधिक भारतीय कर्मचारी होते. त्यांच्यापैकी काहींनी समाजमाध्यमांवर चलच्चित्रे टाकून आणि वृत्तवाहिन्यांशी दृक्‌संभाषण करून सुटकेची विनंती केली. जहाजाच्या आत कर्मचारी दाटीवाटीने राहत, जेवत आणि प्रवाशांना सेवा देत आहेत, ही माहिती जगाला मोठ्या प्रमाणात याच मार्गाने कळली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये मरेला डिस्कव्हरी जहाजावरील भारतीय कर्मचारी मुंबईत उतरेपर्यंत त्यांच्या कुटुंबीयांनाही आधार होता तो याच जोडणीचा.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २००६ च्या सागरी श्रम करारात २०२२ साली दुरुस्त्या झाल्या; त्या २३ डिसेंबर २०२४ पासून लागू आहेत. सामाजिक संपर्काची सोय ही कर्मचाऱ्यांच्या सुविधांत धरण्यात आली. जहाजमालकांनी शक्य तेथवर आंतरजाल द्यावे आणि शुल्क आकारल्यास ते वाजवी असावे, असे मार्गदर्शक कलमही त्यात आहे. भारताने हा करार २०१५ साली स्वीकारला आहे. 'शक्य तेथवर' आणि 'वाजवी' हे दोन्ही शब्द सैल आहेत आणि सौदा याच शब्दांवर होतो.

भारतातील स्थिती

डिसेंबर २०१८ मध्ये भारत सरकारने विमान व सागरी संपर्क नियम अधिसूचित केले आणि भारतीय हद्दीत जहाजांवर दूरध्वनी व आंतरजाल पुरवण्याचा कायदेशीर मार्ग खुला झाला. सप्टेंबर २०१९ मध्ये टाटा समूहातील, नवी मुंबईतील महापे येथून काम करणाऱ्या नेल्को कंपनीने सागरी ब्रॉडबँड सेवा सुरू केली. सप्टेंबर २०२१ पासून कॉर्डेलिया क्रूझेसचे एम्प्रेस हे जहाज मुंबईहून गोवा, कोची व लक्षद्वीप या मार्गांवर फिरू लागले. किनाऱ्यालगत फोनला जमिनीवरील मनोरे मिळतात, खोल समुद्रात जहाजाच्या वाय-फायवर विसंबावे लागते. लक्षद्वीप बेटेही दीर्घकाळ उपग्रहावरच अवलंबून होती. जानेवारी २०२४ मध्ये कोची–लक्षद्वीप समुद्रतळ केबलचे उद्‌घाटन झाले.

थुराया आणि इरिडियम या उपग्रह दूरध्वनींचा विनापरवाना वापर भारतीय हद्दीत प्रतिबंधित आहे. परदेशात खरेदी केलेला असा फोन जहाजातून आणणाऱ्या प्रवाशावरही कारवाई होऊ शकते. स्टारलिंकला भारतात उपग्रह दूरसंचाराचा परवाना जून २०२५ मध्ये मिळाला.