सराईत सुटला, जाब कुणाला?

अलिबागच्या सत्र न्यायालयात काय किंवा मुरूड-श्रीवर्धनच्या छोट्या कोर्टात काय, जामिनाचा अर्ज आला की सरकारी वकिलांचा ‘से’, म्हणजे लेखी म्हणणे, मागवला जातो. आरोपी सराईत असेल, त्याला आधी शिक्षा झालेली असेल, तर ते कोर्टापुढे येण्याची हीच मोठी वाट. तिथे ते लिहिले गेले नाही आणि सुटलेल्याने पुन्हा घर फोडले, तर राग न्यायाधीशांवर निघतो, पोलिसांवर निघतो. सरकारी वकिलाला कुणी विचारत नाही.

ही सवय जुनी आहे. 1860च्या दंडसंहितेच्या 75व्या कलमाने पुन्हा गुन्हा करणाऱ्याला वाढीव शिक्षा ठेवली, पण आधीची शिक्षा कोर्टात सिद्ध करणे सरकार पक्षावर होते. हे कष्टाचे काम. ते नीट करून घेण्याऐवजी सरकारने वकिलाला वळसा घालणारे रस्ते बांधले. 1871च्या कायद्याने काही जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवून टाकले. तो कलंक कागदावरून निघायला 1952 उजाडले. जोडीला चांगल्या वर्तणुकीची हमी लिहून घेणारी चॅप्टर केस होतीच, 1951च्या मुंबई पोलीस कायद्यातली तडीपारी आली, 1981चा झोपडपट्टी दादा कायदा आला. तडीपारीत गुन्हा शाबित करावा लागत नाही. माणूस जिल्ह्याबाहेर जातो आणि शेजारच्यांची डोकेदुखी होतो.

आपल्या किनाऱ्यासाठी यातला सर्वांत महत्त्वाचा रस्ता 1974चा कॉफेपोसा. तस्कराला खटल्याविना स्थानबद्ध करायचे आणि मुदत संपली की सोडायचे. या खाड्यांतून चोरटे सोने-चांदी उतरत राहिले. 1993च्या जानेवारी-फेब्रुवारीत दिघी आणि शेखाडीला त्याच वाटेने शस्त्रे आणि आरडीएक्स उतरले, आणि 12 मार्चला मुंबईतल्या बॉम्बस्फोटांत 257 माणसे मेली. डोळेझाक करणाऱ्या पोलिसांना आणि कस्टम अधिकाऱ्यांना टाडा न्यायालयाने शिक्षा केल्या. ते योग्यच झाले. मात्र तस्करीचे आधीचे खटले कुठे, कुणाच्या हातून ढिले पडले, हा प्रश्न त्या खटल्याच्या कक्षेत नव्हता, आणि बाहेरही कुणी लावून धरला नाही.

सरकारी वकील तरी कुणाला उत्तरदायी होता? दंडाधिकाऱ्यांच्या कोर्टात पोलीस खात्याचाच माणूस खटला चालवत असे. 1973च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने पोलीस अधिकाऱ्याला यातून दूर ठेवले. महाराष्ट्राने 1974 साली त्याच पोलीस प्रॉसिक्युटरांना सहायक सरकारी वकील नेमले. खाते मात्र तेच राहिले. 1995 साली शहाणे खटल्यात सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले, की त्यांचा वेगळा संवर्ग करा. वकिलांवरचा पोलिसांचा लगाम सुटला. दुसऱ्या कुणी हिशेब मागावा, हे ठरायला आणखी दोन दशके गेली.

ते ठरले 7 जानेवारी 2014ला, गुजरातच्या किशनभाई खटल्यात. सहा वर्षांच्या मुलीच्या खुनातला आरोपी निर्दोष सुटला होता. सर्वोच्च न्यायालयाने ती सुटका कायम ठेवली, तपासातल्या आणि खटल्यातल्या चुका एकेक मोजल्या, आणि सर्व राज्यांना सांगितले की प्रत्येक निर्दोष सुटकेची छाननी करा, कसूर करणाऱ्यावर जबाबदारी टाका. 1 जुलै 2024पासूनच्या नागरिक सुरक्षा संहितेत जिल्हा अभियोग संचालनालयाची तरतूदही आहे.

माझी हरकत इथे आहे. किशनभाई निकाल निर्दोष सुटकेपुरता आहे. जामीन त्यात येत नाही. सराईताचा पुढचा गुन्हा तर अनेकदा जामिनाच्या काळातच घडतो. त्या गुन्ह्यासाठी वकिलाला दोषी धरणे मला मान्य नाही. तसे केले तर भीतीपोटी प्रत्येक जामिनाला विरोध होईल आणि गरीब कच्चा कैदी आत सडेल. तपासायचा तो त्याने लिहिलेला ‘से’. पूर्वीच्या शिक्षेची नोंद पोलिसांनी दिली नसेल तर जाब ठाणे अंमलदाराला विचारावा, दिली असूनही कोर्टापुढे ठेवली नसेल तर वकिलाला.