कामावर रुजू झालेली भुते

विश्वनाथाने 'साहित्यदर्पणा'त रसांचे परस्परविरोध सांगताना हास्याचे दोन विरोधी रस नोंदवले आहेत : भयानक आणि करुण. एम.ए.च्या वर्गात हा भाग आम्ही वर्षानुवर्षे निःशंकपणे शिकवत आलो. थाई चित्रपट पाहू लागल्यापासून मात्र तो शिकवताना जीभ थोडी अडखळते. तिकडे हे तिन्ही रस एकाच ताटात वाढले जातात आणि प्रेक्षकाला त्यात काही वावगे वाटत नाही. या विनोदी भयपटांची जी लांबलचक परंपरा आहे, तिच्यातील एक वळण आम्हांला विशेष लक्षणीय वाटते. गावकुसाबाहेरचे भूत हळूहळू भाड्याच्या इमारतीत, पेट्रोलपंपावर, चित्रीकरणस्थळी, कचेरीत आणि अखेरीस कारखान्यात येऊन पोचले. ते कामावर रुजू झाले, असेच म्हणावे लागेल.

आधी शब्दांविषयी थोडेसे, कारण आमचा पिंडच तो. थाई भाषेत भुताला 'फी' म्हणतात, परंतु आत्म्याला 'विन्यान' हा शब्द आहे. तो पालीतील 'विञ्ञाण' होय, म्हणजे आपले 'विज्ञान'. मजुराला 'कम्माकॉन' म्हणतात. त्यात 'कर्मकर' उघड दिसतो. या दोहोंपेक्षा आम्हांला मोलाचा वाटणारा शब्द 'ङान' हा आहे. (आपल्या वर्णमालेत बिनकामाचा वाटणारा ङ तिकडे शब्दारंभीच कामाला लागतो.) 'ङान' म्हणजे काम, नोकरी, आणि 'ङान' म्हणजेच समारंभ, जत्रा, विधी. 'ङान सॉप' म्हणजे अंत्यविधी. मराठी वाचकाला हे समजावून सांगण्याची गरज पडू नये. आपल्याकडेही कचेरीतले ते कार्य, लग्नघरातले ते कार्य आणि माणूस गेल्यावर करायचे तेही उत्तरकार्यच. श्रम आणि संस्कार यांना एकाच शब्दात सामावून घेणाऱ्या भाषेत, मेलेले माणूस कामाच्या जागी परत येणे ही कल्पना फार लांबची ठरत नाही.

तशी प्रत्यक्ष उदाहरणेही बँकॉकमध्ये पदोपदी आढळतात. बहुतेक कचेऱ्यांच्या आणि मॉलच्या आवारात वास्तुदेवतेचे छोटे देवघर असते आणि तिथे लाल सरबताच्या बाटल्या ठेवलेल्या दिसतात. शहरातील सुप्रसिद्ध एरावन देवस्थानाचा इतिहास तर थेट बांधकामाशी निगडित आहे. तिथे सरकारी हॉटेल उभे राहत असताना अपघातांची मालिका सुरू झाली. मुहूर्त चुकला असा निष्कर्ष निघाला आणि १९५६ साली तिथे ब्रह्मदेवाची स्थापना झाली. मजुरांच्या जिवावर बेतणारे अपघात आणि त्यावर देवस्थानाचा उतारा, ही जोडी पुढे चित्रपटांत वारंवार भेटते.

चित्रपटांतील हास्य-भयाच्या मिश्रणाचे मूळ बरेचसे प्रदर्शनाच्या पद्धतीत आहे. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या दोन दशकांत थाई चित्रपट प्रामुख्याने १६ मिलिमीटरच्या फितीवर, ध्वनीविना चित्रित होत. पडद्याजवळ बसलेले निवेदक प्रत्यक्ष प्रेक्षकांसमोर सर्व पात्रांचे संवाद म्हणत आणि गावागणिक पदरचे विनोद घालत. हडळीची किंकाळी आणि तिच्यावरची कोटी एकाच कंठातून निघत असेल, तर रसविरोधाचा प्रश्न उरतोच कुठे? फ्रा खनोंगच्या नाक या बाळंतपणात मेलेल्या स्त्रीची कथा (आपल्या शब्दांत अळवंतीण) या काळात लोकप्रिय झाली. तिच्यावरील १९५९ सालचा चित्रपट विशेष गाजला. १९८९ पासून 'बान फी पॉप' या मालिकेने ग्रामीण विनोदी भयपटाचा साचा पक्का केला : आतडी खाणारे भूत मागे, गावकरी पुढे, आणि लपायला पाण्याचे रांजण. या चित्रपटांवर आम्ही फार वेळ घालवणार नाही. एक पाहिला की उरलेले पाहिल्यासारखे वाटतात.

खरा बदल १९९७ नंतरचा. त्या वर्षी २ जुलैला थाई चलन, बात, कोसळले. कारखाने बंद पडले, शहरात अर्धवट बांधलेले मनोरे तसेच उभे राहिले. त्यांतील साथॉर्न युनिक नावाची उंच इमारत तर पुढे भुताचा मनोरा म्हणूनच ओळखली जाऊ लागली. १९९९ मध्ये नोन्झी निमिबुत्र यांच्या 'नांग नाक'ने नाकची कथा गंभीरपणे सांगून नव्या थाई चित्रपटाला प्रेक्षक मिळवून दिला. परंतु विनोदाचे बोट धरून भूत शहरात आणले ते युथलर्त सिप्पापाक यांनी. त्यांच्या २००३ सालच्या 'बुप्फा रात्री'त (नावातले पुष्प आणि रात्र वाचकांनी ओळखली असतीलच) प्रियकराने फसवलेली तरुणी खोलीतच मरते आणि खोली सोडत नाही. चित्रपटातील सारा विनोद घरमालकिणीच्या चिंतेतून उपजतो. तिला भुताचे भय आहेच, पण त्याहून मोठे भय भाडेकरू निघून जाण्याचे आहे. मांत्रिकांची रांग लागते, प्रत्येकाची फजिती होते. भय आणि हिशेबाची वही यांची अशी सांगड थाई पडद्यावर इतक्या स्पष्टपणे त्यापूर्वी आम्हांला आढळली नाही. याच दिग्दर्शकाने पुढे एका चित्रपटात रुग्णालयातल्या परिचारिकेला रात्री धडावेगळी होणारी क्रासू बनवले, आणि दुसऱ्यात पेट्रोलपंप चालवणाऱ्या जोडप्यामागे भुते लावली. २००७ मध्ये पोज आर्नोन यांनी वसतिगृह चालवणाऱ्या तृतीयपंथी मालकिणींची 'हॉ तेओ ताएक' मालिका सुरू केली. ती तुफान चालली. मात्र तिच्यातील हास्य बऱ्याचदा त्या मालकिणींच्या देहावरच बेतलेले आहे, आणि ते आम्हांला रुचले नाही.

चित्रीकरणस्थळ हेही कामाचेच ठिकाण. २००९ च्या 'हा फ्रेंग' या पाच कथांच्या चित्रपटातील शेवटची कथा बनजोंग पिसान्थनाकुन यांची आहे. भुताची भूमिका करणारी नटी आजारी पडते, तिला रुग्णालयात हलवतात, ती परत येऊन रंगभूषा करून उभी राहते, आणि मग ती मेल्याची वार्ता येते. आता कॅमेऱ्यासमोर आहे ती कोण? सेटवर हलकल्लोळ माजतो. आम्ही हा भाग पाहताना मनसोक्त हसलो. नंतर मात्र मित्र चायबन्चा आठवला. १६ मिलिमीटर युगाचा हा सर्वांत लाडका नायक ८ ऑक्टोबर १९७० रोजी 'इन्सी थॉन्ग' या चित्रपटाचे शेवटचे दृश्य देताना हेलिकॉप्टरच्या दोरशिडीवरून पडून मरण पावला, आणि ते चित्रण चित्रपटात वापरले गेले. मेलेल्या नटाने काम पुरे करून देणे ही थाई चित्रपटसृष्टीत केवळ कल्पना नव्हे.

कचेरी पडद्यावर आली ती इसरा नादी यांच्या 'ओ.टी.'मधून. २०१२ च्या 'तीन वाजता' या त्रिमितीय कथासंग्रहातील ही एक कथा. २०१४ मध्ये तिच्यावर स्वतंत्र चित्रपट निघाला. ओ.टी. म्हणजे ओव्हरटाइम, आणि हा शब्द थाई नोकरदार आपल्याइतकाच सहजपणे वापरतो. रात्री उशिरापर्यंत थांबणाऱ्या कर्मचाऱ्यांना घाबरवण्याचा मालकांना नाद आहे. ते खोटी भुते उभी करतात. कलाकृती म्हणून ही कथा सामान्यच, परंतु तिच्यातील सूचन नेमके आहे. भय दाखवणे हा वरिष्ठांचा करमणुकीचा हक्क, आणि घाबरणे हा जणू सेवाशर्तींचा भाग. खरे भूत येईपर्यंत कर्मचाऱ्याला त्या इमारतीत निर्भय असे काही नसतेच.

याच्या अगदी उलट टोकाला २०२३ चा 'सप्पारेर' आहे. थिती श्रीनुआन यांच्या या चित्रपटात ईसान प्रदेशातला एक आजारी प्रेतसंस्कारक आहे. कायद्याची पदवी घेतलेल्या त्याच्या मुलाला वडिलांचे काम शिकणे भाग पडते, आणि मुलगा तर भुतांना भितो. हसता हसता प्रेत धुण्याचे, बांधण्याचे, पेटीत ठेवण्याचे सारे तपशील आपण शिकून घेतो. 'ङान' शब्दाचे दोन्ही अर्थ इथे एका व्यक्तीच्या हातात येतात. बँकॉकपासून दूरच्या बोलीत बनलेल्या या चित्रपटाने देशभर विक्रमी गल्ला जमवला, याचे आम्हांला नवल वाटले नाही.

आणि २०२५ मध्ये रत्चपूम बूनबन्चाचोक यांचा 'फी चाय दाय खा' आला. कान महोत्सवाच्या समीक्षक सप्ताहात त्याला सर्वोच्च पारितोषिक मिळाले. शीर्षकाचा अर्थ 'उपयोगी भूत'. पण त्यातील शेवटचा 'खा' हा बायकांच्या बोलण्यातला आदरार्थी प्रत्यय आहे. म्हणजे हे भूत अदबीने, नोकरीच्या अर्जाच्या सुरात बोलते. धुळीच्या प्रदूषणाने मेलेली नात नवऱ्याकडे परतते ती व्हॅक्यूम क्लीनरच्या रूपाने. सासरच्यांचा कारखाना एका मृत कामगाराच्या भुताने बंद पडला आहे. त्याला हुसकावून नातला आपली उपयुक्तता सिद्ध करायची आहे. नातची भूमिका दाविका हूर्न यांनी केली आहे; २०१३ च्या 'पी माक' या विक्रमी विनोदी चित्रपटातली नाकही त्याच होत्या. तिथे पुरेसे होते प्रेम. इथे उत्पादनक्षमता दाखवावी लागते. पुढे एक मंत्रीही तिला कामाला लावतो. आठवण ठेवणाऱ्यांच्या स्मृती पुसल्या की भुते नाहीशी होतात, आणि ज्यांची आठवण सत्तेला नको आहे अशी भुते त्या देशात पुष्कळ आहेत. २०१० च्या एप्रिल-मे महिन्यांत बँकॉकच्या रस्त्यांवर नव्वदहून अधिक माणसे मेली, त्याचे पडसाद इथे ऐकू येतात.

या चित्रपटातील कारखान्याचे भूत पाहताना आम्हांला वारंवार आठवत होती ती १० मे १९९३ ची केडर खेळणी कारखान्याची आग. नाखोन पाथोम प्रांतातील त्या कारखान्यात १८८ कामगार मेले, त्यांत बहुतेक तरुण मुली. बाहेर पडायची दारे बंद होती, आणि अग्निरोधक आवरण नसलेल्या पोलादी सांगाड्याची इमारत पाहता पाहता कोसळली. त्या मुली शिवत होत्या ती परदेशी मुलांसाठीची मऊ खेळणी.