सेवाग्रामचा उपवास, चिमूरची चौकशी

16 ऑगस्ट 1942 रोजी वर्धा जिल्ह्यातल्या आष्टीत आणि शेजारच्या चांदा जिल्ह्यातल्या चिमूरला जमाव आणि पोलीस भिडले. दोन्हीकडची माणसे मेली. त्यानंतर चिमूरला लष्कर आले. सैनिकांनी घरात शिरून अत्याचार केल्याचे तिथल्या बायकांनी सांगितले. नागपूरच्या महिला कार्यकर्त्यांनी गावात जाऊन त्यांचे जबाब घेतले, सरकारकडे चौकशी मागितली. सरकारने नकार दिला. तेव्हा सेवाग्राम आश्रमातले प्राध्यापक जयकृष्ण भणसाळी उपवासाला बसले. तेवढ्यावर न थांबता ते चिमूरच्या वाटेला पायी लागले, आणि पोलिसांनी त्यांना परत आणून सोडले. बातम्यांवर बंदी आली, म्हणून 6 जानेवारी 1943 रोजी देशातल्या अनेक वृत्तपत्रांनी एक दिवस अंकच काढला नाही.

चिमूरला सरकारी अधिकारी मारले गेले होते, मग सरकारच्या कठोरपणाला दोष कसा द्यायचा, असे कुणी विचारील. त्या हत्या खऱ्या होत्या, आणि त्यांबद्दल गावकऱ्यांवर खटले चालले, फाशीच्या शिक्षाही सुनावल्या गेल्या. पण गुन्ह्याचा तपास एकाच बाजूचा व्हावा, हा न्याय कुठला? आरोप खोटे असतील तर ते चौकशीतच उघडे पडले असते. उपवास म्हणजे दडपण, हा आक्षेपही टिकत नाही. अर्ज फेटाळल्यावर आणि छापायची बंदी झाल्यावर नागरिकाकडे स्वतःच्या देहाखेरीज उरले काय होते? 63 दिवसांनी, 12 जानेवारीला, तडजोड होऊन उपवास सुटला. चिमूरच्या बायकांनी मागितलेली स्वतंत्र चौकशी मात्र सरकारने कधीच केली नाही.