उत्तेजके आणि पहारेकरी

१९०४ साली अमेरिकेतील सेंट लुई येथे ऑलिंपिक सामने भरले होते. त्यांतील मॅरॅथॉन शर्यत भर उन्हात, धुळीच्या रस्त्यांवरून धावली गेली. टॉमस हिक्स नावाचा धावपटू अखेरच्या मैलांत लटपटू लागला, तेव्हा त्याच्याबरोबर मोटारीतून चाललेल्या साहाय्यकांनी अंड्यातील पांढऱ्या भागाबरोबर त्याला स्ट्रिक्नीन दिले. काही वेळाने पुन्हा दिले आणि वर ब्रँडी पाजली. स्ट्रिक्नीन म्हणजे आपल्याकडील काजऱ्याच्या बियांत असते तेच विष. हिक्स कसाबसा शेवटपर्यंत पोचला आणि विजयी ठरला. वास्तविक त्याच्या आधी दुसरा एक गडी येऊन पोचला होता. परंतु बरीचशी वाट तो मोटारीत बसून आला होता, हे उघडकीस येताच त्याला बाद करण्यात आले. मोटारीत बसणे नियमाविरुद्ध ठरले. विष पाजणे ठरले नाही. उलट, हिक्सच्या त्या साहाय्यकांपैकी एकाने पुढच्याच वर्षी पुस्तक लिहून, औषधांचा खेळाडूंना मोठा उपयोग होतो हे ह्या शर्यतीने दाखवून दिले, असे अभिमानाने नमूद केले.

ह्या विषयाचा इतिहास पाहू लागले म्हणजे एक प्रश्न पदोपदी आडवा येतो. उत्तेजक द्रव्य खेळाडूच्या शरीरात सापडते हे खरे. पण ते तेथे पोचवणारे हात कोणाचे असतात, आणि शासन कोणाला होते?

आंतरराष्ट्रीय ॲथलेटिक संघाने १९२८ सालीच उत्तेजकांना मनाई केली होती. पण तपासणीची सोयच नव्हती, त्यामुळे नियम कागदावर राहिला. जाग आली ती मृत्यूंमुळे. १९६० साली रोम ऑलिंपिकमध्ये क्नूद येन्सेन हा डॅनिश सायकलपटू शर्यतीत कोसळून मरण पावला. त्याच्या मृत्यूस औषध कितपत कारण आणि ऊन कितपत, ह्याविषयी आजही मतभेद आहेत. १९६७ साली मात्र शंकेला जागा उरली नाही. फ्रान्समधील माँ व्हाँतू ह्या उघड्याबोडक्या डोंगराच्या चढावर टॉम सिम्पसन हा इंग्रज सायकलपटू मरून पडला आणि त्याच्या शरीरात अँफेटामिन सापडले. त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने वैद्यकीय आयोग नेमला आणि १९६८ पासून ऑलिंपिकमध्ये तपासणी सुरू झाली. तीत पहिला सापडला तो मेक्सिकोमध्ये, एक स्वीडिश खेळाडू. नेमबाजीपूर्वी हात स्थिर राहावा म्हणून आपण दोन ग्लास बिअर घेतली, असे त्याने सांगितले. एवढ्यासाठी त्याच्या संघाचे कांस्यपदक गेले.

बिअरवाला सापडत होता, तेव्हा पूर्व जर्मनीत काय चालले होते? १९७४ पासून तेथे गुप्त सरकारी योजनेखाली खेळाडूंना पौरुषवर्धक संप्रेरके पद्धतशीरपणे दिली जात होती. बारा-तेरा वर्षांच्या जलतरणपटू मुलींना निळ्या गोळ्या मिळत. ती जीवनसत्त्वे आहेत असे त्यांना सांगण्यात येई. मुलींचे आवाज घोगरे झाले. कित्येकींना पुढे यकृताचे व गर्भाशयाचे विकार जडले. परदेशी पाठवण्यापूर्वी खेळाडूंची तपासणी देशातच होई, आणि ज्याच्या शरीरात द्रव्य उरलेले दिसे त्याला ऐनवेळी घरी ठेवण्यात येई. ज्या प्रयोगशाळेत हे चाले तिला ऑलिंपिक समितीची मान्यता होती! भिंत पडल्यावर कागदपत्रे बाहेर आली. २००० साली बर्लिनच्या न्यायालयाने क्रीडाप्रमुख मानफ्रेड एवाल्ड ह्यांना दोषी ठरवले. शिक्षा झाली बावीस महिन्यांची, आणि तीही स्थगित.

त्याच वर्षी सिडनीला जे घडले ते ह्याच्या शेजारी ठेवून पाहावे. रुमानियाची आंद्रेआ राडुकान ही सोळा वर्षांची जिम्नॅस्ट. तिला सर्दी झाली होती. संघाच्या डॉक्टरांनी गोळी दिली, तिने ती घेतली आणि सुवर्णपदक जिंकले. गोळीत स्यूडोएफेड्रिन होते. पदक काढून घेण्यात आले. दाद लागली ती क्रीडा लवादापुढे. मुलीचा दोष नाही हे लवादाने मान्य केले, तरी निकाल कायम ठेवला. कारण नियम असा की, शरीरात जे सापडेल त्याला खेळाडूच जबाबदार. हेतू पाहावयाचा नाही. पुढे २००४ साली तेच औषध बंदीच्या यादीतून वगळण्यात आले आणि २०१० साली ठराविक मर्यादेपुरते पुन्हा घालण्यात आले. चोर सोडून संन्याशाला फाशी, असे म्हणण्याचा मोह येथे होतो. परंतु हेतू सिद्ध करण्याची अट घातली, तर जगातला एकही दोषी सापडणार नाही, हेही तितकेच खरे आहे. नियम कठोर आहे. त्याला पर्याय मात्र मला दिसत नाही.

आजची जागतिक व्यवस्था ह्याच सुमाराची. १९९८ च्या तूर द फ्रान्स शर्यतीच्या तोंडावर फ्रान्सच्या सीमेवर एका सायकल-संघाची औषधांनी भरलेली मोटार पकडली गेली. ती पकडली जकात अधिकाऱ्यांनी, क्रीडासंघांनी नव्हे. ह्या फजितीतून १९९९ साली जागतिक उत्तेजकविरोधी संस्था, म्हणजे ‘वाडा’, जन्मास आली. तिचा निम्मा खर्च ऑलिंपिक चळवळ उचलते आणि निम्मा सरकारे. २००४ पासून तिची संहिता लागू झाली. खेळाडूचा नमुना दोन बाटल्यांत भरतात. पहिलीत दोष आढळला तर दुसरी उघडण्याची मागणी तो करू शकतो. निवडक खेळाडूंना रोज एका तासापुरता आपला ठावठिकाणा आगाऊ कळवावा लागतो; वर्षभरात तीनदा चूक झाली तर तोही गुन्हा. ह्याच अटीला आपल्या क्रिकेटपटूंनी २००९ साली हरकत घेतली होती, आणि क्रिकेट मंडळ राष्ट्रीय संस्थेच्या तपासणीखाली आले ते २०१९ मध्ये.

पण बाटली उघडताच येणार नाही, हा भरवसाही टिकला नाही. २०१४ च्या सोची हिवाळी ऑलिंपिकमध्ये प्रयोगशाळेच्या भिंतीला पाडलेल्या भोकातून रात्री बाटल्या पलीकडे जात, गुप्तचर त्या उघडत आणि आतील दूषित नमुना ओतून स्वच्छ नमुना भरला जाई. चौकशीअंती हजारांवर रशियन खेळाडूंचा संबंध पुढे आला. ‘वाडा’ने चार वर्षांची बंदी फर्मावली, लवादाने २०२० मध्ये ती दोन वर्षांवर आणली. रशियाचे खेळाडू टोकियोत उतरलेच, फक्त ध्वज व राष्ट्रगीत तेवढे नव्हते.

आपल्याकडे पाहावे, तर २०२३ साली भारतात ५,६०६ नमुने तपासले गेले आणि २१३ दोषी निघाले. पाच हजारांवर नमुने तपासणाऱ्या देशांत हे प्रमाण सर्वांत अधिक होते. खेळाच्या कोट्यातून नोकरी मिळावी म्हणून धडपडणाऱ्या मुलाच्या हाती सुई कोण देतो, हे ह्या आकड्यांत दिसत नाही. संसदेने २०२२ मध्ये कायदा केला, पण त्यात राष्ट्रीय संस्थेवर देखरेख करणारे सरकारी मंडळ होते; त्याला ‘वाडा’ने आक्षेप घेतला. पूर्व जर्मनी आणि सोची पाहिलेल्यांनी तो घ्यावा, ह्यात नवल नाही. २०२५ मध्ये दुरुस्ती होऊन संस्थेचा कारभार सरकारच्या हस्तक्षेपापासून मोकळा ठेवण्यात आला.